लाकूड खाणाऱ्यांसाठी मागणं

पुरुषोत्तमा, आज मी उधईसाठी मागायला बसले आहे. तिचा नायनाट व्हावा म्हणून तुला साकडं घालणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत, आणि त्यांचं दुःख खरं आहे. माझं मागणं मात्र तिच्या बाजूने आहे. तिच्या, आंब्याच्या खोडात शिरलेल्या भिरुडाच्या, बांबूचं पीठ पाडणाऱ्या घुणाच्या आणि कुजक्या ओंडक्यावर पावसात पांढरे पापुद्रे धरणाऱ्या अळंबीच्या. लाकूड खाऊन जगणारी ही सगळी तुझीच लेकरं. गाईसाठी, बैलासाठी, नागासाठी आम्ही सण केले. नागपंचमीला वारुळाला हळदकुंकू वाहिलं, ते आतल्या नागाला. ज्यांनी तोंडातल्या थुंकीत माती कालवून कणाकणाने ते वारूळ बांधलं, त्यांची आठवण त्या दिवशीही कोणी काढली नाही.

तू मला शहाद्याजवळच्या या पुरुषोत्तमनगरात आणलंस. सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं हे गाव. हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या गाड्या चालतात आणि हवेला मळीचा वास येतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. मी इथल्या शेतकऱ्याची सून आहे, त्यामुळे उधई काय करते हे मला कोणी सांगायला नको. ऊस लावताना टिपरीची दोन्ही तोंडं कापलेली असतात. त्या कापल्या तोंडातून ती आत शिरते, गर खाते आणि खाल्लेल्या जागी माती भरत जाते. वरून टिपरी धड दिसते. कोंब का येत नाही म्हणून उकरून पाहावं, तर सालीच्या आत नुसती माती. डोळा मेलेला. सरीत अशा नांग्या पडल्या की बेण्याचे, मजुरीचे, पाण्याचे पैसे मातीत गेलेले असतात, आणि सोसायटीचं कर्ज मात्र उभं असतं. अशा वेळी माणसाच्या तोंडून तिच्यासाठी शिवी निघाली तर ती तू मनावर घेऊ नकोस. ज्याचं पीक गेलं त्याला आधी सावर, नंतर मला ऐक.

आमच्या बांधावर एक आंबा आहे. आजेसासऱ्यांनी लावलेला. त्याच्या खोडात भिरूड शिरला तेव्हा सासूबाई सकाळी उठून आधी बुंध्याशी जायच्या आणि खाली भुसा पडलाय का ते पाहायच्या. ओला, तांबूस भुसा, दळून टाकल्यासारखा. वर पाहिलं की सालीला भोक आणि त्यातून ओघळलेला काळपट रस. मग सायकलच्या तारेचा आकडा करून आत घालायचा, अळी ओढून काढायची, रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा कोंबायचा आणि वरून चिखल लिंपायचा. एकदा तारेला लागून आलेली अळी मी तळहातावर घेतली होती. माझ्या बोटाहून जाड, पिवळट पांढरी, अंगावर वळ्या, आणि पाय असे नाहीतच. डोक्याच्या टोकाला तेवढा काळा जबडा. त्या जबड्याने ती महिनोन् महिने अंधारात लाकूड कोरत राहते, आतच कोष करते, आणि एक दिवस लांब मिशांचा भुंगेरा होऊन उजेडात येते. तिने आमचा आंबा मारला. सगळे उपाय करूनही वाळला. कैऱ्या गेल्या, सावली गेली, सासूबाईही पुढे गेल्या. आंबा तसाच उभा आहे.

आता घरात त्या आंब्यावरून बोलणं चाललं आहे. दीर म्हणतात, मेलेलं झाड बांधावर ठेवून उधई पोसायची कशाला, वखारवाला चार पैसे देतो आहे तर देऊन टाकू. भाऊजींचं म्हणणं खोटं नाही. वाळक्या बुंध्याला मातीचे पट्टे चढलेले मीही पाहते. आमच्या यांचं मन दोन्हीकडे आहे. आणि मी तुझ्यापुढे बसले आहे, कारण त्या वाळल्या झाडावर आता जितकी वस्ती आहे तितकी ते हिरवं असतानाही नव्हती. सुतार पक्ष्याने फांदीच्या बेचक्याखाली गोल भोक पाडलं. ज्या अळ्यांनी झाड मारलं त्या अळ्यांसाठीच तो आला होता. चोच आपटून, कान देऊन, आत कुठे पोकळ आहे ते ऐकून त्याने लाकूड फोडलं. त्याचं बिऱ्हाड उठल्यावर तिथे पिंगळ्यांची जोडी आली. संध्याकाळी ती भोकाच्या तोंडाशी बसून डोळे वटारते आणि रात्री उसातले उंदीर उचलते. खाली सालीच्या आड पाली, गोम, विंचू. बुंध्याच्या ओलसर बाजूला अळंबीचे थर. देवा, हे सगळं एका मेलेल्या झाडाच्या आधाराने जगतं आहे, आणि त्याची किंमत वखारीत क्विंटलवर ठरते आहे.

लाकूड पचवणं सोपं नाही, हे तुझ्याहून जास्त कोणाला ठाऊक? तूच तर झाडाला उभं राहण्यासाठी सेल्युलोजचे धागे दिलेस आणि ते धागे लिग्निनने असे सांधलेस की ऊन, वारा, पाऊस यांनी ते सहजी सुटू नयेत. मग वाटलं असेल तुला, की हे कधी सुटलंच नाही तर? झाडं मरत राहतील, पडत राहतील, आणि त्यांनी जमिनीतून ओढलेलं सगळं सत्त्व त्यांच्याच अंगात अडकून पडेल. पुढच्या बीला खायला काय उरेल? म्हणून तू बुरशीला ते कुलूप उघडायला शिकवलंस. कुठे ती लिग्निन फोडते आणि लाकूड पांढरं, तंतूतंतू होतं. कुठे ती फक्त सेल्युलोज काढून नेते आणि मागे तपकिरी, चौकोनी भेगांचा चुरा राहतो. उधईला तर तू एकटीला पुरेसं बळ दिलं नाहीस. तिच्या कित्येक जाती पोटातल्या सूक्ष्म जिवांच्या जोरावर लाकूड पचवतात. ते जीव मेले तर भरल्या पोटी ती उपाशी मरते. आमच्या शेतातली, वारुळं बांधणारी उधई आणखी वेगळी. ती चावलेलं लाकूड आणि पाचट वारुळात नेऊन त्याचे सच्छिद्र गड्डे रचते आणि त्यावर अळंबीची शेती करते. त्या शेतात तण येऊ देत नाही, ओल कमीजास्त होऊ देत नाही. माणसाने पहिला नांगर धरला त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून ही शेती चालू आहे. मी शेतकऱ्याची सून, मला हे कळलं तेव्हा मी तुला हात जोडले होते.

ती मुंगीची कोणी लागत नाही, झुरळाच्या कुळातली आहे, हेही मला पुष्कळ उशिरा कळलं. जगात तिच्या सुमारे ३००० जाती आहेत आणि माणसाच्या घराला, पिकाला हात लावणाऱ्या त्यातल्या थोड्या. बाकीच्या रानात आपलं काम करतात आणि आमच्या वाट्याला कधी येत नाहीत. थोड्यांच्या अपराधासाठी सगळ्यांवर विष ओतण्याची बुद्धी आम्हाला फार लवकर होते. ती बुद्धी आवर.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की संध्याकाळी जमिनीला भोकं पडतात आणि पंख फुटलेली उधई वर येते. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती तिचे ढग होतात. भिंतीवर, ताटात, केसांत. आम्ही दिवे मालवून बसतो आणि सकाळी अंगणातले पंख झाडून काढतो. त्या एका संध्याकाळी किती जणांचं पोट भरतं! कोतवाल पक्षी हवेत गिरक्या घेतो, पाली भिंत सोडत नाहीत, बेडूक दिव्याखाली रांग धरतात, कोंबड्या अंधार पडला तरी खुराड्यात जायला तयार नसतात. हजारोंतून एखादी जोडी वाचते, पंख झटकून टाकते आणि ओल्या मातीत शिरते. त्यातली मादी पुढे राणी होते, पुन्हा उजेड पाहत नाही आणि वर्षानुवर्षं अंडी घालत राहते. उन्हाळाभर ज्या पाखरांनी तग धरला त्यांना पिल्लांच्या दिवसांत पहिलं पोटभर जेवण तू असं घालतोस. आणि ते जेवण लाकडातून आलेलं असतं. मेलेल्या फांद्या, गळलेली पानं, बांधावरचं कुजकं कुंपण, सगळं पंख लावून वर उठतं आणि पाखरांच्या चोचीत जातं.

मातीचंही तसंच. उधई जिथे बोगदे काढते तिथे पाणी मुरतं. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात याकूबा सावादोगो नावाचा एक शेतकरी होता. दुष्काळाने त्याच्या भागातली जमीन फरशीसारखी टणक झाली होती, लोक गाव सोडून चालले होते. त्याने उन्हाळ्यात जमिनीत खड्डे केले, त्यात शेणखत आणि काडीकचरा घातला. त्यावर उधई आली, तिने खालची कठीण जमीन पोखरली आणि पावसाचं पाणी त्या बोगद्यांतून आत उतरलं. आधी ज्वारी-बाजरी आली, मग झाडं आली, मग रान उभं राहिलं. २०१८ साली त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये तो तुझ्याकडे आला. त्याला विचार, उधई त्याची कोण होती. आणि आमच्याकडे, जिथे बोअर दरवर्षी आणखी खोल जाते आहे, तिथे एखाद्या पोराच्या मनात त्याच्यासारखं काही घाल.

आता सातपुड्याचं सांगते. शहाद्यापासून वर तोरणमाळकडे निघालं की साग, सालई, रोहन, अंजन यांचं कोरडं रान लागतं. त्या रानात तू रानपिंगळा ठेवलास. आमच्या आंब्यावरच्या पिंगळ्याचाच भाऊ, पण तो दिवसा हिंडतो. सकाळच्या उन्हात निष्पर्ण शेंड्यावर उघड बसतो. १८७३ साली ह्यूम या पक्षी अभ्यासकाने त्याचं वर्णन जगापुढे मांडलं. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आमच्या खानदेशातून त्याचे नमुने नेले, आणि त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. एका प्रसिद्ध इंग्रज संग्राहकाने १९१४ सालचा म्हणून एक नमुना दाखवला होता. तो संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेला निघाला. पक्षी संपला असंच सगळे धरून चालले. मग २५ नोव्हेंबर १९९७ ला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी शोधणाऱ्यांना तो दिसला. कुठे, तर आमच्या शहाद्याजवळ. ११३ वर्षं तो इथेच होता. आदिवासी पोरं गुरं चारताना त्याच्याखालून जात असतील, मोळी घेऊन बाया जात असतील. तू त्याला लपवलं नव्हतंस, आम्ही पाहत नव्हतो.

हा पक्षी स्वतः भोक पाडू शकत नाही. त्याच्या चोचीत ते बळ तू घातलंच नाहीस. म्हणजे त्याच्या घरासाठी आधी झाड म्हातारं व्हायला हवं, फांदी मोडायला हवी, जखमेतून बुरशी आत शिरायला हवी, अळ्यांनी लाकूड मऊ करायला हवं, सुताराने ते उघडायला हवं. इतक्या जणांनी इतकी वर्षं खाल्लं तर रानपिंगळ्याच्या पिल्लांना एक ढोली मिळते. जगात हा पक्षी मोजका उरला आहे, मध्य भारतातल्या तुकड्यातुकड्यांच्या रानात. त्याला वाचवायचं म्हणून लोक दुरून येतात, कॅमेरे लावतात, पाट्या ठोकतात. हे चांगलं आहे, त्यांनाही यश दे. पण ज्या पोकळ, वाकड्या, किडक्या झाडाला जंगलात कोणी विचारत नाही, सरपणासाठी ज्याच्यावर पहिली कुऱ्हाड पडते, त्या झाडावर हात ठेव. झाड किडकं आहे म्हणून ते मोकळं करा, असं म्हणणाऱ्याला त्याच्या भोकात एकदा वाकून पाहायची इच्छा होऊ दे.

आणि हे सगळं मागताना मी गरिबाच्या घराला विसरू नये, देवा, तूही विसरू नकोस. वरच्या पाड्यांवर घर म्हणजे लाकूडच. सागाचे खांब, बांबूच्या तट्ट्या, त्यावर शेणमातीचा लेप. जुन्या माणसांनी उधईशी भांडण न करता वाट काढली होती. खांबासाठी गाभ्याचं लाकूड निवडायचे, कारण सागाच्या गाभ्यात तू असं द्रव्य ठेवलं आहेस की उधई त्याला तोंड लावत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र ती सोडत नाही. अंजन मिळाला तर त्याहून उत्तम, कुऱ्हाडीची धार जाते इतका तो कठीण. जमिनीत जाणारा खांबाचा पाय विस्तवावर भाजून काळा करायचे. बांबू वद्य पक्षात तोडायचे आणि आठवडेच्या आठवडे ओढ्यात दाबून ठेवायचे. त्याने आतला पिठूळ अंश पाण्यात उतरतो, आणि घुणाला तर तेवढाच हवा असतो. आमच्या जुन्या धाब्याच्या घरातल्या तुळया अशाच निवडलेल्या. पांढऱ्या मातीचं ओझं त्या अजून पेलतात. हे शहाणपण विसरलं जातं आहे. पातळ, कोवळं, घाईने वाढवलेलं लाकूड बाजारात येतं, दोन पावसाळ्यांत पोकळ होतं, आणि दोष उधईच्या माथी जातो. जुन्या मिस्त्रींच्या हातातलं ज्ञान त्यांच्याबरोबर चितेवर जाऊ देऊ नकोस.

नर्मदेकाठच्या घरांचं तुला ठाऊक आहे. १९९३ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर धरणाचं पाणी मणिबेली गावात चढलं आणि पुढच्या वर्षांत गावामागून गाव पाण्याखाली गेलं. जे उठले त्यांतल्या कित्येकांनी घराचे खांब, तुळया सोडवून बरोबर आणल्या, कारण तेच त्यांचं घर होतं. तळोद्याच्या बाजूला सपाटीवर, तोडलेल्या जंगलाच्या जमिनीवर ती लाकडं पुन्हा उभी राहिली. आज्याने निवडलेला खांब नातवाच्या घरात परक्या मातीत रोवला गेला. त्या खांबांना, देवा, उधईपासून तूच राख. रानातला प्रत्येक ओंडका तिला दे, हा खांब तेवढा सोड. एकदा पाण्याने घर घेतलं आहे, दुसऱ्यांदा कोणी घेऊ नये.

आणि पत्र्याच्या पेटीतले ते कागद. कागद म्हणजे लाकूडच, उधईला त्यात फरक दिसत नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यायचा होता. ज्या लोकांना कधी कोणी सातबारा दिला नाही त्यांच्याजवळ पुरावा काय असणार? कोणाजवळ वनखात्याने अतिक्रमण म्हणून केलेल्या दंडाची जुनी पावती होती. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवलं होतं, तोच मुलाच्या हक्काचा पुरावा झाला. तुळईला बांधलेल्या फडक्यात, धान्याच्या कणगीमागे, पेटीच्या तळाशी असे कागद आजही आहेत, कारण कित्येक दावे अजून लटकलेले आहेत. १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या लोकांनी याच शहाद्यात आदिवासींच्या जमिनीसाठी लढा दिला. त्या लढ्यातल्या घरांतही असे पिवळे कागद असतील. पुरुषोत्तमा, उधई वाचत नाही. तिला दंडाची पावती आणि गवताची काडी सारखीच. जे वाचू शकतात त्यांना लवकर वाचायला लाव. ज्यांच्या टेबलावर फाइल पडून आहे त्यांच्या हाताला वेग दे, म्हणजे म्हातारीला रोज पेटी उघडून कागद उन्हात घालावे लागणार नाहीत.

विषाबद्दलही मागते. एके काळी उधईसाठी ऑल्ड्रिन मातीत मिसळलं जायचं. उधई मरायची, पण ते विष मातीतून जात नव्हतं. प्राण्यांच्या चरबीत साठायचं, दुधात उतरायचं. शेवटी देशात त्यावर बंदी आली. त्या जागी दुसरी औषधं आली आहेत, आणि पाठीवर पंप घेऊन, तोंडाला नुसता रुमाल बांधून ती फवारणारा मजूर आमच्याच गावचा असतो. त्याच्या छातीत ते जाऊ नये. ज्या शेतकऱ्याला औषध टाकावंच लागतं त्याला ते मोजून टाकण्याची शुद्ध दे, आणि ज्याचं काम लावणीनंतर वेळेवर पाणी देऊन, ओल राखून भागू शकतं त्याच्या मोटारीला रात्री तरी वीज दे. सरीत ओल असली की उधई बेण्याला कमी धरते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक असून करता येत नाही, कारण वीज नसते.

तुला मी पुरुषोत्तम म्हणते. पुरीच्या क्षेत्राला लोक तुझ्या याच नावाने ओळखतात, आणि तिथे तर तू स्वतः लाकडाचा आहेस. दगडाचा होऊ शकला असतास, सोन्याचा होऊ शकला असतास. तू कडुनिंब घेतलास. जे लाकूड झिजतं, ज्याला एक दिवस कुजायचं आहे, ते अंगावर घेतलंस. अधिक आषाढ आला की तुझं नवकलेवर होतं, जुन्या लाकडाच्या जागी नवं येतं. १९९६ साली झालं, २०१५ साली झालं. नवं झाड शोधायला तुझे सेवक दैतापती निघतात तेव्हा ते काही खुणा पाहतात, आणि त्यातली एक खूण अशी की झाडाजवळ वारूळ असावं. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही वारूळ दिसलं की कुदळ मारतो. तुझं शरीर जिथून निवडायचं तिथे तूच ते शेजारी मागून घेतलं आहेस. आणि नवी मूर्ती बसली की जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारात कोइली वैकुंठात मातीखाली ठेवल्या जातात. जाळत नाहीत, वितळवत नाहीत, संग्रहालयात ठेवत नाहीत. मातीत. तिथे तुला कोण भेटायला येतं ते तुला माहीत आहे. तुझं स्वतःचं लाकूड ज्यांच्या हवाली करायला तू कचरला नाहीस, त्यांच्या वाट्याचं एक झाड बांधावर सोडायला आम्ही का कचरावं?

म्हणून माझं मागणं थोडकं आहे आणि ते मी नीट सांगते. आमच्या उसातल्या टिपऱ्यांना कोंब येऊ दे, या वर्षी नांग्या कमी पडू दे. वरच्या पाड्यांवरचे खांब उभे राहू देत, कागद शाबूत राहू देत. रानातलं किडकं झाड किडकंच राहू दे, ते कोणी मोकळं करू नये. जंगलखात्यातल्या नव्या मुलांना पडलेला ओंडका उचलण्याआधी तो उलटून पाहायला शिकव. शाळेतल्या पोरांना वारूळ दिसलं तर त्यात काडी घालण्याआधी थोडा वेळ नुसतं बसून बघू दे. त्यांच्या गुरुजींना तेवढा तास मोकळा मिळू दे. सुताराची चोच शाबूत ठेव. रानपिंगळ्याला ढोली मिळू दे, आणि त्या ढोलीत यंदा पिल्लं होऊ देत.

आणि उद्या सकाळी वखारवाला येणार आहे. दीर घरी असतील, यांनाही मी थांबायला सांगितलं आहे. घरात मोठ्या आवाजात बोलायची मला सवय नाही आणि भाऊजींचा मान मला मोडायचा नाही. त्यांना मी चहा देईन, बसवीन आणि सांगेन की आंबा द्यायचा नाही. पैशांचं विचारतील, तर या वर्षीच्या भुईमुगातला माझा वाटा मी काढून ठेवला आहे, तो पुढे करीन. उधईचं विचारतील, तर बुंधा आणि पहिली सरी यांच्यामध्ये चर काढायचा आणि झाडाच्या बाजूच्या सऱ्यांना आधी पाणी द्यायचं, असं मी ठरवलं आहे. ते काम मी स्वतः करीन. फांद्यांचं विचारतील, तर रस्त्यावर झुकलेली एक फांदी खुशाल उतरवा, माणसाच्या डोक्यात पडायला नको. सुताराचं भोक दुसऱ्या बाजूला आहे. एवढं सगळं मला न अडखळता, न रडता बोलता येऊ दे. भाऊजी रागावले तर त्यांचा राग दुपारपर्यंत उतरू दे. ते पिंगळ्याला अशुभ मानतात, त्यांच्या आईने तसं सांगितलं होतं. त्यांना एखाद्या रात्री उसात उंदीर उचलताना तो दिसू दे.